केस गळतो, मूळ राहते

डिसेंबर महिन्यात जालना जिल्ह्यातील एखाद्या मोसंबीच्या बागेत तुम्ही गेलात, तर बागेला काही रोग लागला आहे की काय, अशी शंका तुम्हांला येईल. झाडे मलूल दिसतात, पुष्कळ पाने पिवळी पडलेली असतात आणि झाडाखाली गळालेल्या पानांचा थर साचलेला असतो. बागाईतदार मात्र निवांत असतो. कारण ही पानगळ त्यानेच मुद्दाम घडवून आणलेली असते. आंबे बहार धरण्यासाठी त्याने झाडांचे पाणी तोडलेले असते. यालाच 'ताण देणे' असे म्हणतात. जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दोन महिने ताण बसला, की झाडाची वाढ थांबते, काही पाने गळतात आणि झाड विश्रांती घेते. जानेवारीत पुन्हा पाणी सोडले, की साऱ्या बागेला एकाच वेळी नवी पालवी फुटते आणि फुले येतात.

बागाईतदाराला एवढा धीर कोठून येतो? पान गळाले तरी फांदी जिवंत आहे, हे त्याला ठाऊक असते.

आता दुसरे दृश्य पाहा. टक्कल पडलेल्या एका गृहस्थाने बराच पैसा खर्च करून शहरात जाऊन केशारोपण करून घेतले आहे. पहिले दोन आठवडे त्याचा आनंद गगनात मावत नाही. कपाळावरच्या मोकळ्या जागेत बारीक बारीक केस उभे असतात. पण तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठून पाहतो, तो उशीवर केस. न्हाताना हाताला केस. दीड महिन्याच्या आत लावलेले बहुतेक केस गळून जातात आणि आरशात पुन्हा जुनेच कपाळ दिसू लागते. 'आपण फसवले गेलो,' असे त्याला वाटते. मग तो कोणी सांगेल ते तेल चोपडतो, कोणी देईल त्या गोळ्या घेतो. चौथ्या महिन्यात केस उगवू लागतात, तेव्हा सारे श्रेय त्या तेलाला मिळते! वास्तविक तेलाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. केस आपल्या ठरलेल्या वेळापत्रकानेच गळाले आणि त्याच वेळापत्रकाने परत आले.

हे वेळापत्रक कसे असते, ते समजून घेण्यासारखे आहे. ते ज्याला समजले, त्याला केवळ केशारोपणाचेच नव्हे, तर आणखी एका मोठ्या कोड्याचे उत्तर शोधताना उपयोग होतो. त्या कोड्याकडे आपण शेवटी वळू.

आपण ज्याला केस म्हणतो, तो त्वचेबाहेरचा धागा निर्जीव असतो. म्हणून तर केस कापताना दुखत नाही. हा धागा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. नखेही त्याच जातीच्या प्रथिनाची असतात. जिवंत कारखाना असतो तो त्वचेच्या आत, एका खोलगट पिशवीत. तिला केशपुटक म्हणतात. पिशवीच्या तळाशी एक छोटासा उंचवटा असतो, त्याला अंकुरक असे नाव आहे. त्यात रक्तवाहिन्या असतात. अंकुरकाला वेढून ज्या पेशी असतात त्या अतिशय झपाट्याने विभागतात. वरच्या पेशींना खालच्या पेशी ढकलतात. वर सरकताना त्या केराटिनने भरतात, मरतात, आणि केस होऊन बाहेर पडतात. केस टोकाकडून वाढत नाही, बुडाकडून वाढतो. वाढीचा वेग दिवसाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण एक सेंटिमीटर.

आणखी एक जागा लक्षात ठेवायची. पिशवीच्या वरच्या भागात, तळापासून बरेच वर, बाजूला एक फुगवटा असतो. केसाचे बियाणे या फुगवट्यात राखून ठेवलेले असते, असे म्हटले तरी चालेल. येथील मूलपेशी एरवी स्वस्थ बसून असतात आणि नवा केस घडवायची वेळ आली, की जाग्या होतात. अमेरिकेतील संशोधक कोत्सारेलिस, सुन आणि लाव्हकर यांनी १९९० साली ही गोष्ट उंदरांच्या केसांवर प्रयोग करून दाखवली. त्यापूर्वी सारा कारभार तळाशीच चालतो असा समज होता.

कारखाना सतत चालू नसतो. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढतो. ही वृद्धी-अवस्था. मग दोन-तीन आठवड्यांत पिशवीचा खालचा भाग आक्रसतो. ही संक्रमण-अवस्था. त्यानंतर सुमारे तीन महिने पिशवी विश्रांती घेते. जुना केस तेवढा वेळ तसाच अडकून राहतो आणि पुढे नवा केस खालून वर येऊ लागण्याच्या सुमारास सुटून पडतो. प्रत्येक केसाचे घड्याळ स्वतंत्र असते. त्यामुळे मांजराचे किंवा म्हशीचे केस जसे ऋतुमानाप्रमाणे झडतात, तसे आपले झडत नाहीत. आज हा, उद्या तो, असे चाललेले असते.

येथे एक छोटा हिशेब करून पाहू. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी दहा टक्के, म्हणजे दहा हजार, एका वेळी विश्रांतीत असतात असे धरा. विश्रांती सुमारे शंभर दिवसांची. तेव्हा दहा हजार केस शंभर दिवसांत गळणार, म्हणजे दिवसाला शंभर. एखाद्या मुलीच्या फणीत रोज पन्नास-शंभर केस निघाले आणि घरातल्या मंडळींनी चिंता केली, तर हा हिशेब त्यांना जरूर सांगावा.

फणीतला एखादा केस भिंगाखाली धरून पाहा. त्याच्या बुडाशी टाचणीच्या टोकाएवढी पांढरी गुठळी दिसेल. 'केस मुळासकट आला' असे म्हणतात ते तिला पाहून. पण ते मूळ नव्हे. विश्रांती घेणाऱ्या केसाचे ते निर्जीव, गदेसारखे टोक असते. खरे मूळ, म्हणजे अंकुरक आणि फुगवटा, त्वचेत जागच्या जागी असते.

आता ताणाकडे वळू. मोठे आजारपण, मुदतीचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार, अशा वेळी शरीर काटकसर करते. केस वाढवणे ही काही जीवनावश्यक गोष्ट नव्हे. म्हणून वृद्धी-अवस्थेतील पुष्कळशा पिशव्या एकदम काम बंद करून विश्रांतीत जातात. मोसंबीचे पाणी तोडल्यासारखाच हा प्रकार. पण लक्षात घ्या, काम आज बंद झाले तरी केस आज गळत नाही. तो विश्रांती संपेपर्यंत अडकून राहतो. म्हणून ताप उतरून, माणूस खडखडीत बरा होऊन दोन-तीन महिने झाले, की अचानक मूठभर केस जाऊ लागतात. २०२० आणि २०२१ साली कोविड होऊन गेलेल्या अनेकांना हा अनुभव आला. आजाराचा आणि केसांचा संबंध जोडणे लोकांना अवघड गेले, ते मध्ये पडलेल्या या तीन महिन्यांमुळे. हे सारे केस सामान्यतः परत येतात.

केशारोपणात हाच ताण एकेका पिशवीला बसतो, आणि तोही फार तीव्र.

रोपणाची कल्पना तशी जुनी आहे. शोजी ओकुदा या जपानी डॉक्टरांनी १९३९ साली, भाजून केस गेलेल्या डोक्यांवर केसांसह त्वचेचे छोटे गोल तुकडे लावल्याचे प्रसिद्ध केले. पुढे महायुद्ध आले आणि जपानबाहेर हे काम बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. नंतर न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी स्वतंत्रपणे असे प्रयोग केले आणि १९५९ साली त्यांतून एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. पुरुषांचे टक्कल पुढे आणि माथ्यावर पडते, पण मागे, मानेच्या वर, केसांचा पट्टा म्हातारपणापर्यंत शिल्लक राहतो. या मागच्या पट्ट्यातील केस पुढे नेऊन लावला, तर तो पुढच्या केसांसारखा वागतो की मागच्या? ओरेंट्राइक यांना आढळले, की तो मागच्यासारखाच वागतो. टक्कल पाडणारे गुण जागेत नसून त्या त्या केशपुटकात असतात. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात जो एक पदार्थ बनतो, त्याला पुढची पुटके बळी पडतात आणि हळूहळू आक्रसतात. मागची पुटके त्याला दाद देत नाहीत. घर बदलले तरी स्वभाव बदलत नाही, असा हा प्रकार.

हल्ली मोठे तुकडे लावत नाहीत. मागच्या भागातून एक ते चार केस असलेले सूक्ष्म गुच्छ सुटे करतात आणि पुढे बारीक छिद्रांत एकेक करून बसवतात. एका बैठकीत दोन-तीन हजार गुच्छही लावले जातात. हे काम तासन् तास चालते. डोके बधिर करावे लागते, जखमा होतात, औषधाची विपरीत प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून ही शस्त्रक्रिया आहे, केशकर्तनालयातील सोय नव्हे. ती प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांनीच केली पाहिजे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

सुटा केलेला गुच्छ काही तास रक्तपुरवठ्यावाचून असतो. नव्या जागी बसवल्यावरही पहिले दोन-तीन दिवस तो आजूबाजूच्या ऊतकांतून पाझरणाऱ्या द्रवावर कसाबसा तग धरतो. मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या त्याला येऊन मिळतात. भोकरदन तालुक्यात मिरचीची लागवड पुष्कळ होते. तेथील कोणत्याही मुलाला विचारा, गादीवाफ्यातले रोप उपटून शेतात लावले, की काय होते? ते मान टाकते, खालची एक-दोन पाने पिवळी पडतात. मग नवे पान दिसले, की शेतकरी म्हणतो, 'रोप लागले.' रोपण केलेल्या केसाचेही तेच. तळाशी झपाट्याने विभागणाऱ्या पेशी ही उपासमार सोसू शकत नाहीत. त्या काम थांबवतात आणि पुटक विश्रांतीत जाते. केसाचा धागा सुटतो. फुगवट्यातील मूलपेशी मात्र काटक असतात. त्या आणि अंकुरक मिळून योग्य वेळी नवा केस घडवतात.

म्हणून वेळापत्रक साधारण असे पडते. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात केस गळतात. तीन ते चार महिन्यांनी नवे अंकुर दिसू लागतात. तीन महिने का, हे आता वेगळे सांगायला नको. आलेले केस आधी बारीक, कधी कुरळे असतात, पुढे जाड होतात. वाढ महिन्याला सेंटिमीटरभरच असल्यामुळे डोके भरल्यासारखे दिसायला नऊ महिने ते वर्ष लागते. काहींना त्याहूनही अधिक. सगळे केस एकाच दिवशी उगवत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

पण प्रत्येक गळती निरुपद्रवी असते असे मात्र नाही. पहिल्या आठ-दहा दिवसांत गुच्छ पुरता रुजलेला नसतो. त्या काळात खाजवले आणि रक्ताच्या थेंबासह काही निघाले, तर अख्खे पुटकच बाहेर आलेले असू शकते, आणि ते गेले ते गेले. काढताना ज्या पुटकाचा तळ कापला गेला, त्याचाही भरवसा नसतो. जखमेत पू झाला, तर नुकसान होते. आणि आसपासचे जुने केस या धक्क्याने गळतात, त्यांतील सशक्त परत येतात, पण जे आधीच आक्रसत चालले होते, ते कधी कधी परतत नाहीत. झाडाची साल जिवंत आहे की नाही, हे बागाईतदार नखाने खरवडून पाहतो. डॉक्टर तेच भिंगातून पाहतात.

गळतीचे कारण ओळखताना डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: 'किती दिवसांत गळाले?' या प्रश्नाचे मोल दाखवणारी एक घटना जालन्याच्या शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यात घडली. आरंभी ज्या कोड्याचा उल्लेख केला, ते हेच.

डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस एकाएकी जाऊ लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशी नावे वर्तमानपत्रांत आली. आधी डोके खाजायचे, मग केस नुसता हात फिरवला तरी निघायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, शाळकरी मुले, कोणीच सुटले नाही. जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. भीती एवढी पसरली, की त्या गावांत जायला लोक कचरू लागले. मुले-मुली शाळा-महाविद्यालयांत जाईनात, ठरलेली लग्ने अडली. रोग संसर्गजन्य असल्याची वदंता उठली. कोणी पाण्याला दोष दिला, आणि तपासात पाण्यात नायट्रेटचे प्रमाण जास्त निघालेही. कोणी बुरशीचा संशय घेतला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले.

तुम्ही आता घड्याळ लावून पाहा. तीन-चार दिवसांत टक्कल पडले, तर तो ताणाचा प्रकार असू शकेल का? ताणात दोन-तीन महिने लागतात, आणि तेव्हाही सारे केस जात नाहीत. दिवसांत सारे डोके मोकळे होते, याचा अर्थ विश्रांतीतील दहा टक्के नव्हे, तर वाढीत असलेले नव्वद टक्के केसच तुटून पडत आहेत. कारखाना विश्रांती घ्यायलाही थांबला नाही, चालू असतानाच बिघडला. कर्करोगावरील काही औषधांनी असे होते, कारण ती झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. आणि काही विषांनीही होते.

विषाचा हा माग ज्यांनी घेतला, ते डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातलेच, भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे. महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे त्यांनी दाखवले, आणि त्या कामामुळे ते जगाला माहीत झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेगावच्या गावांत जाऊन त्यांनी केस, रक्त, लघवी आणि घराघरांतील गहू यांचे नमुने तपासून घेतले. सेलेनियम हे मूलद्रव्य रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळले, असे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. स्वस्त धान्य दुकानातून मिळालेल्या गव्हात ते किलोमागे सुमारे १४ मिलिग्रॅम निघाले. गहू धुऊन तपासला तरी फारसा फरक पडला नाही. म्हणजे सेलेनियम वरच्या धुळीत नव्हते, दाण्यातच होते, असा त्यांचा निष्कर्ष. हा गहू पंजाबकडचा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागात जमिनीतच सेलेनियम अधिक आहे, आणि तेथील चारा खाऊन गुरांचे केस व खूर झडल्याच्या नोंदी पूर्वीपासून आहेत.

सेलेनियम हे आपल्याला लागतेही, पण दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम. ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे ते नको. किलोमागे १४ मिलिग्रॅम असलेल्या गव्हाच्या पोळ्या रोज पाव किलो खाल्ल्या, तर पोटात किती जाईल? साडेतीन हजार मायक्रोग्रॅम! आवर्तसारणीत सेलेनियम गंधकाच्या थेट खाली आहे. केराटिनला बळकटी येते ती गंधकाच्या बंधांमुळे. केस जाळला, की जो उग्र वास येतो तो या गंधकाचाच. सेलेनियम फार झाले, की ते गंधकाच्या जागी शिरकाव करते आणि बंध कच्चे राहतात. चीनमधील हुबेई प्रांतातील एन्शी परगण्यात १९६१ ते १९६४ या काळात असेच झाले होते. तेथेही केस गेले आणि नखे गेली.

शेगावच्या गावांत काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर पुन्हा खुंट दिसू लागले. पुटके मेली नव्हती. आणि ताणात जसे तीन महिने थांबावे लागते, तसे येथे थांबावे लागले नाही, कारण ही पुटके विश्रांतीत गेलीच नव्हती. अडथळा कमी झाला आणि बिघडलेले काम पुढे चालू झाले.

त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये त्याच तालुक्यातून नवी बातमी आली: केस गेलेल्यांपैकी काहींची नखे ठिसूळ होऊन गळत आहेत. रोग पुन्हा उलटला, असे पुष्कळांना वाटले. पण येथेही हिशेब करता येतो. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. नखाच्या बुडाशी डिसेंबरात झालेला बिघाड पुढे सरकत सरकत नखाच्या बाहेरच्या टोकाला यायला चार महिने लागतात. डिसेंबरापासून मोजा.